दोन सर्व्हर सारखेच, मग एकच क्वेरी एकीकडे हळू का?

 

आजचा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत बरेच जण विचारतात. दोन सर्व्हर आहेत. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. मेमरी तेवढीच, डेटाबेसही तोच, डेटाही जवळजवळ तोच. एकच क्वेरी दोन्हीकडे चालवली, तर एक सर्व्हर दोन सेकंदांत उत्तर देतो आणि दुसरा चाळीस सेकंद लावतो. असे का?

असे झाले की कार्यालयात दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर संगणकावर बसणाऱ्या मुलाला बोलणी बसतात, नाहीतर नव्या यंत्राची मागणी वर जाते. मोठ्या बँकेला हा खर्च परवडतो. गावची पतसंस्था, धर्मादाय दवाखाना किंवा माजी सैनिकांचे मदत केंद्र यांना मात्र तो झेपत नाही. शिवाय नवे यंत्र आणूनही खिडकीपुढची रांग तशीच राहिली, तर पैसे गेले आणि विश्वासही गेला. म्हणून आधी निदान आणि मग औषध, हा क्रम आज शिकायचा आहे.

उदाहरणे मी पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसची देणार आहे. मायएसक्यूएल, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांना आदेश थोडे वेगळे लागतील, पण शोधाची रीत तीच राहील. आदेशांची नावे मी मराठी अक्षरांत सांगतो आहे. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

सारखे आणि तेच, यात फरक आहे

एकाच कारखान्यात, एकाच महिन्यात बनलेल्या दोन रायफली घ्या. दिसायला एक, वजनाला एक, गोळीही एकच. तरीही प्रत्येक जवानाला स्वतःची रायफल रेंजवर नेऊन झिरो करावी लागते. इथे झाशीजवळ बबीनाची मोठी फायरिंग रेंज आहे. तिथे कुणी म्हणाले की, "शेजारच्याची रायफल झिरो झाली आहे, माझी त्याच मॉडेलची आहे, मला गरज नाही," तर उस्ताद त्याला काय ऐकवेल ते तुम्ही ओळखू शकता.

सर्व्हरचेही तसेच आहे. खरेदीच्या कागदावर दोन यंत्रे सारखी असतात. पण त्यांवर बसवलेला डेटाबेस कोणत्या आवृत्तीचा, त्याची सेटिंग कुणी बदलली, डेटा कोणत्या वाटेने आत आला, शेवटची मोजदाद कधी झाली, हे सगळे त्या कागदावर नसते. फरक बहुतेक वेळा तिथेच लपलेला असतो.

क्वेरी हा हुकूम आहे, वाट सर्व्हर ठरवतो

फौजेत वरिष्ठ अधिकारी कंपनी कमांडरला सांगतो, "पहाटेपर्यंत अमुक टेकडी ताब्यात घ्या." कोणत्या नाल्यातून जायचे हे तो सहसा सांगत नाही. ते कंपनी कमांडरने हातातल्या माहितीवरून ठरवायचे असते.

एसक्यूएल ही भाषा नेमकी अशीच आहे. काय हवे ते आपण सांगतो, कसे आणायचे ते सांगत नाही. टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे की इंडेक्समधून थेट हव्या त्या ओळीवर जायचे, दोन टेबले कोणत्या क्रमाने जोडायची, हे डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो. प्रत्येक वाटेचा अंदाजे खर्च काढून सर्वात स्वस्त वाट निवडायची, ही पद्धत १९७९ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सिस्टिम आर' या प्रकल्पासाठी मांडली. आजचे बहुतेक डेटाबेस तिच्याच वंशातले आहेत.

आता समजा दोन कंपनी कमांडरांना एकच हुकूम मिळाला. एकाच्या नकाशावर बेतवेवरचा नवा पूल आहे, दुसऱ्याचा नकाशा जुना असल्याने त्यावर पूल नाही. दुसरा लांबचा वळसा घालून उशिरा पोहोचणार. त्याचे जवान कमी पळतात असे कुणी म्हणेल का? दोष नकाशाचा आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक जयंत हरित्सा यांच्या गटाने 'पिकासो' नावाचे साधन तयार केले. २००५ मध्ये त्यांनी आणि नवीन रेड्डी यांनी या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. एकाच क्वेरीतल्या अटींना किती ओळी लागू होतात, हे थोडे थोडे बदलत गेले तर प्लॅन कुठे कुठे बदलतो, हे पिकासो रंगीत नकाशात दाखवते. काही नकाशांत रंगांची इतकी दाटी दिसते की दोन जवळजवळच्या बिंदूंचे प्लॅनही वेगळे असतात. आपले दोन सर्व्हर अशा एखाद्या सीमेच्या अल्याड-पल्याड उभे असू शकतात. अंदाजात जरा फरक पडला की वाट पूर्ण बदलते.

पहिली पायरी : तुलना बरोबर होते आहे का?

निदानाआधी चार गोष्टी तपासा.

एक, क्वेरी अक्षरशः तीच आहे का? नाव, तारीख, क्रमांक हे सगळे तेच घ्या. एका जागी 'पुणे' आणि दुसऱ्या जागी 'ललितपूर' टाकून तुलना होत नाही, कारण दोन्हींच्या ओळींची संख्या वेगळी असते.

दोन, घड्याळ कुठे लावले? समजा सर्व्हर मुंबईत आहे आणि तुम्ही झाशीत बसला आहात. ऑप्टिकल फायबरमधून संदेशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. हजार किलोमीटर जाऊन परत यायचे तर किमान १० मिलिसेकंद. हे काहीच वाटत नाही. पण तुमचा प्रोग्रॅम एका पडद्यासाठी एकामागून एक ५०० छोट्या क्वेऱ्या पाठवत असेल, तर ५ सेकंद नुसत्या प्रवासात जातात. अशा वेळी डेटाबेसला हात लावून उपयोग नाही, प्रोग्रॅमच्या फेऱ्या कमी करायला हव्यात. म्हणून वेळ सर्व्हरवरच मोजा.

तीन, क्वेरी किती वेळा चालवली? पहिल्या वेळी डेटा डिस्कवरून येतो, दुसऱ्या वेळी तो मेमरीत असतो. एकाची पहिली धाव आणि दुसऱ्याची पाचवी धाव यांची तुलना करू नका. दोन्हीकडे चार-पाच वेळा चालवा आणि सगळे आकडे लिहून ठेवा.

चार, त्याच वेळी दुसरे काय चालू आहे? बॅकअप सुरू आहे का? दुसऱ्या कुणी त्या ओळींवर कुलूप लावून ठेवले आहे का? 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या यादीत कोण काय करतो आहे आणि कोण कशाची वाट पाहतो आहे, हे दिसते.

दुसरी पायरी : दोन्ही प्लॅन शेजारी ठेवा

क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' आणि कंसात 'ॲनालाइझ, बफर्स' लिहून ती दोन्ही सर्व्हरवर चालवा. सर्व्हर कोणत्या वाटेने गेला, प्रत्येक टप्प्यावर किती ओळींचा अंदाज होता, प्रत्यक्षात किती निघाल्या, किती वेळ लागला आणि डेटाची किती पाने वाचली, हे सगळे समोर येते. दोन्ही कागदांवर छापा आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.

एक सावधगिरी. 'ॲनालाइझ' जोडले की क्वेरी खरोखर चालते. ती 'अपडेट' किंवा 'डिलीट' असेल तर डेटा खरोखर बदलेल. अशा वेळी आधी 'बिगिन' आणि नंतर 'रोलबॅक' द्या.

आता सर्वात महत्त्वाचा प्रश्न विचारा. दोन्ही प्लॅनचा आकार एकच आहे की वेगळा? पुढची वाट या एका उत्तराने दोन भागांत फुटते. आकार वेगळा असेल तर दोष बहुधा नकाशाचा, म्हणजे माहितीचा आणि सेटिंगचा. आकार एकच असेल तर दोष बहुधा जमिनीचा, म्हणजे डिस्क, मेमरी, प्रोसेसर यांचा.

आकार वेगळा असेल तर : एक उदाहरण

हे उदाहरण कल्पनेतले आहे आणि आकडे सोपे घेतले आहेत. समजा माजी सैनिकांच्या एका मदत केंद्राचे दोन सर्व्हर आहेत, एक झाशीत, एक पुण्यात. अर्जांच्या टेबलात ३० लाख ओळी आहेत, निवृत्तिवेतनधारकांच्या टेबलात ४ लाख. अर्जात 'जवळचे रेल्वे स्थानक' असा एक रकाना आहे आणि त्यावर इंडेक्स आहे.

२०२१ च्या डिसेंबरअखेरीस झाशी स्थानकाचे नाव बदलून 'वीरांगना लक्ष्मीबाई' झाले, हे तुम्हाला आठवत असेल. केंद्रानेही आपल्या नोंदी बदलल्या. ४८,००० अर्जांत जुन्या नावाच्या जागी नवे नाव आले.

आता खिडकीवर कुणी वीरपत्नी आल्या आहेत आणि त्यांच्या अर्जासाठी झाशी स्थानकाची यादी काढायची आहे. पुण्याच्या सर्व्हरवर ती दोन सेकंदांत येते, झाशीच्या सर्व्हरवर ३८ सेकंद लागतात. झाशीचा प्लॅन वाचला तर असे दिसते. स्थानकाच्या अटीवर अंदाज होता १ ओळीचा, निघाल्या ४८,०००.

हा अंदाज कुठून आला? पोस्टग्रेस प्रत्येक रकान्याची मोजदाद ठेवतो. कोणती मूल्ये जास्त वेळा येतात आणि किती प्रमाणात, याची यादी असते. ही यादी 'ॲनालाइझ' या स्वतंत्र आदेशाने ताजी होते. एरवी हे काम डेटाबेस आपोआप करतो, पण मूळ सेटिंगप्रमाणे टेबलातल्या १० टक्के ओळी अधिक आणखी ५० ओळी बदलल्यावरच. ३० लाखांचे १० टक्के म्हणजे ३ लाख. आपल्या तर ४८,००० ओळीच बदलल्या. म्हणून मोजदाद झालीच नाही. सर्व्हरच्या यादीत 'झाशी' हे जुने नावच राहिले. नवे नाव त्याने ऐकलेलेच नाही, म्हणून त्याने धरले, असेल एखादी ओळ.

एकच ओळ असेल तर सोपी वाट कोणती? ती ओळ घ्या, तिच्या धारकाची नोंद इंडेक्समधून शोधा, संपले. या जोडणीला नेस्टेड लूप म्हणतात. एका ओळीसाठी ती उत्तमच. पण प्रत्यक्षात हा शोध ४८,००० वेळा झाला. एका शोधाला सरासरी ०.८ मिलिसेकंद धरले तर एकूण ३८ सेकंद होतात. पुण्याचा सर्व्हर नाव बदलल्यानंतर बॅकअपवरून उभा केला होता आणि लगेच त्याची मोजदादही केली होती. त्याला खरा आकडा ठाऊक असल्याने त्याने धारकांचे टेबल एकदाच वाचून मेमरीत यादी बनवली आणि तिच्याशी सगळे अर्ज जुळवले. ही हॅश जोडणी.

इथे बरेच जण फसतात. प्लॅनमध्ये आतल्या टप्प्यापुढे ०.८ मिलिसेकंद असे लिहिलेले असते आणि वाचणारा म्हणतो, हा टप्पा तर जलद आहे. तो आकडा एका फेरीचा असतो. शेजारी 'लूप्स' म्हणून जी संख्या असते, तिने गुणायला विसरू नका.

उपाय काय? झाशीच्या सर्व्हरवर त्या टेबलासाठी 'ॲनालाइझ' चालवणे. अंदाज ४८,००० च्या जवळ येतो, प्लॅन बदलतो आणि वेळ समजा ३ सेकंदांवर उतरतो. खर्च शून्य. पुण्याहून उरलेला एक सेकंदाचा फरक यंत्राचा असू शकतो आणि तो सोसता येतो. नव्या सर्व्हरची मागणी वर गेली असती, तर रोग या एका सेकंदातला समजून इलाज झाला असता.

माहितीशिवाय आणखी कुठे पाहायचे?

मोजदाद ताजी करूनही आकार वेगळाच राहिला, तर हे तपासा.

आवृत्ती. पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीपूर्वी मोठे अपग्रेड केल्यावर जुनी मोजदाद पुढे येत नसे. अपग्रेडनंतर ती स्वतः करावी लागे. १२ व्या आवृत्तीपासून जिट ही सोय मूळ सेटिंगमध्येच चालू असते. मोठ्या हिशोबांना तिचा फायदा होतो, मध्यम क्वेऱ्यांना कधी कधी तोटा.

सेटिंग. दोन्हीकडची 'पीजी सेटिंग्ज' ही यादी काढून फरक पाहा. 'रँडम पेज कॉस्ट' मुळात ४ असते. डिस्कवर इकडेतिकडे उडी मारणे हे सरळ वाचण्यापेक्षा चौपट महाग, असा त्याचा अर्थ. एसएसडी असेल तर बरेच लोक ते १.१ च्या आसपास ठेवतात. एकीकडे ४ आणि दुसरीकडे १.१ असेल, तर एक सर्व्हर इंडेक्स टाळेल आणि दुसरा वापरेल. 'वर्क मेम' मुळात ४ एमबी असते. ते कमी पडले की क्रमवारी लावण्याचे काम डिस्कवर जाते आणि प्लॅनमध्ये तसे लिहून येते.

इंडेक्स. दोन्हीकडे तोच आहे का? एखादा इंडेक्स बनताना मध्येच तुटला, तर तो यादीत दिसतो पण अवैध म्हणून वापरला जात नाही.

भाषा. मराठी नावे ठेवणाऱ्यांनी हे नक्की पाहावे. 'कुलक' या अक्षरांनी सुरू होणारी सगळी आडनावे शोधायची आहेत. डेटाबेस उभा करताना भाषेची सेटिंग 'सी' ठेवली असेल, तर साधा इंडेक्स या शोधाला कामी येतो. मराठी, हिंदी किंवा भारतीय इंग्रजी अशी सेटिंग असेल, तर अक्षरांचा क्रम भाषेच्या नियमांनी लागतो आणि 'लाइक'च्या शोधाला तोच इंडेक्स चालत नाही. सर्व्हर पूर्ण टेबल वाचतो. अशा जागी 'टेक्स्ट पॅटर्न ऑप्स' या प्रकाराचा वेगळा इंडेक्स बनवावा लागतो.

याच मुद्द्याची एक गंभीर बाजू आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्समधल्या जीलिबसी या ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने अक्षरांची क्रमवारी मोठ्या प्रमाणावर बदलली. जुन्या लिनक्सवर बनलेला इंडेक्स जसाच्या तसा नव्या लिनक्सवर नेला, तर त्याचा क्रम आणि सर्व्हरचा क्रम जुळत नाही. मग ओळ टेबलात असूनही शोधात सापडत नाही. वेळेचा फरक शोधताना दोन्हीकडच्या ओळींची संख्याही जुळते का ते पाहा. चुकीचे उत्तर कितीही जलद आले तरी ते चुकीचेच. अशा वेळी इंडेक्स नव्याने बांधावे लागतात.

आकार एकच असेल तर

आता दुसरी शाखा. प्लॅन तोच, अंदाजही तेच, तरी वेळ वेगळा. इथे 'बफर्स'चे आकडे वाचा. एक पान म्हणजे साधारणपणे ८ केबी.

एका सर्व्हरने २०,००० पाने वाचली आणि दुसऱ्याने त्याच ओळींसाठी ९०,०००, तर दुसऱ्याचे टेबल फुगलेले आहे. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत तिथेच पडून राहते आणि 'व्हॅक्यूम'ने ती जागा पुन्हा वापरायला मोकळी होते. वर्षानुवर्षे चाललेला सर्व्हर असा फुगतो. बॅकअपवरून नुकताच उभा केलेला सर्व्हर आटोपशीर असतो.

पाने तेवढीच, पण एकाकडे ती मेमरीत सापडली आणि दुसऱ्याला डिस्कवरून आणावी लागली, तर मेमरीचे वाटप पाहा. 'शेअर्ड बफर्स' मुळात फक्त १२८ एमबी असते आणि अनेक ठिकाणी ते तसेच राहिलेले असते.

पानेही तेवढीच आणि सगळी मेमरीतूनच आली, तरी वेळ जास्त, तर प्रोसेसरकडे वळा. वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे तो कमी वेगाने चालतो आहे का? आणि आमच्या झाशीकरांसाठी खास, खोलीचे तापमान पाहा. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. खोलीतला एसी बंद पडला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. क्वेरी सकाळी ठीक आणि दुपारी हळू असेल, तर आधी थर्मामीटर लावा.

एका वेळी एकच बदल

शेवटचा नियम शिस्तीचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, पुन्हा मोजा, वहीत लिहा. तीन सेटिंग एकदम बदलली आणि क्वेरी जलद झाली, तर कशामुळे झाली हे कळणार नाही. पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा अंधारातच असाल. बदलाने फरक पडला नाही तर तो परत घ्या. वहीत तारीख, क्वेरी, आधीचा वेळ, बदल आणि नंतरचा वेळ असे पाच रकाने पुरेत.

ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी 'डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स' हे पुस्तक पाहावे. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक एस. सुदर्शन त्याचे एक सहलेखक आहेत. त्यातली क्वेरी ऑप्टिमायझेशनची प्रकरणे आजच्या विषयाचा पाया आहेत.

आजचा गृहपाठ. तुमच्याकडे दोन सर्व्हर असतील तर दोन्ही ठीक चालत असतानाच, नेहमीच्या पाच क्वेऱ्यांचे प्लॅन काढून फाइल करून ठेवा. एकच सर्व्हर असेल तरी करा. उद्या तो हळू झाला, तर तुलनेसाठी दुसरा सर्व्हर म्हणजे तुमचाच कालचा सर्व्हर असेल. आणि नव्या यंत्राच्या मागणीवर सही करण्याआधी एवढेच विचारा, "दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून पाहिलेत का?"

पुढच्या भागात इंडेक्स कधी बनवावा आणि कधी काढून टाकावा, ते पाहू. जय हिंद.